अपेनिसाने दाद मागितली

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा अपेनिसा म्हणजे आमच्या गोतावळ्यातला सर्वात देखणा आणि सर्वात बिनकण्याचा माणूस. पेशाने नर्स. त्याच्या गावाकडच्या लहानशा बेटावरच्या दवाखान्यात त्याने कितीतरी वर्षं काढली, म्हणजे दिवसा पट्ट्या बांधल्या आणि रात्री त्याच्या ईसोआकाकांकडे बसून यांगोना ढोसली. यांगोना म्हणजे मुळं कुटून, पाण्यात कालवून करवंटीतून प्यायचं आमच्याकडचं गुंगीचं पेय. बायको उनाइसी दोन मुलींना घेऊन इकडे मोठ्या बेटावर, लंबासा शहरात. ती चर्चमधली कडक बाई, यांगोनाच्या मुळाला हातही लावणार नाही. म्हणून हे साहेब लंबासात आले की फक्त पाणी पीत.

लंबासात नवीन खाजगी इस्पितळ निघालं आणि अपेनिसाची तिथे निवड झाली. फक्त शारीरिक तपासणी बाकी होती. बाबा आता कायमचे येणार म्हणून मुली शेजारणीपाजारणींना सांगत सुटल्या. तपासणारा डॉक्टर परदेशातून नुकताच आलेला पोरगा. अपेनिसाच्या पोटऱ्या आणि तळवे बघून तो दचकलाच. कातडी वाळवलेल्या माशासारखी, खवले सुटलेले. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल की ही रात्र रात्र यांगोना पिणाऱ्याची कातडी. पिणं सोडलं की हळूहळू साफ होते. त्या पोराने कुठेतरी वाचलं असावं. "यांगोना पिता का?" त्याने विचारलं. शेजारी उनाइसी बसली होती.

"छे, जन्मात नाही," अपेनिसा म्हणाला.

मग डॉक्टरने लिहून टाकलं: संसर्गजन्य त्वचारोग असू शकतो, रुग्णांजवळ नेमू नये. त्या अडाणी पोराचा मला राग आला नाही. मी स्वतः नर्स होते, खोटं बोलणारा रोगी डॉक्टरला कसा खड्ड्यात घालतो ते मला ठाऊक आहे.

"खरं सांग आणि मोकळा हो," मी त्याला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं.

"ताई, तो साबण आहे. बेटावर फार वाईट साबण मिळतो."

"आणि तो साबण तू रोज रात्री करवंटीतून पितोस, नाही का?"

तो हसला. अडचण आली की हा हसतो, आणि अडचण दुसऱ्या कुणीतरी निस्तरायची. "मी दाद मागणार आहे," म्हणाला.

आणि मागितली, तीही रीतसर. आमच्यात मोठ्या माणसाकडे काही मागायला जायचं तर यांगोनाच्या मुळांची जुडी पुढे ठेवावी लागते. अपेनिसाने बेटावरून ईसोआकाकांना चांगली जाडजूड जुडी घेऊन बोलावलं. ज्या गोष्टीला आपण कधी शिवलोच नाही असं हा सांगत फिरत होता, तीच काखेत मारून तो इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टर तामानीबाईंकडे निघाला. मागून काका, उनाइसी आणि मी. या अकलेला काय म्हणावं!

तामानीबाई आमच्यातल्याच. चटईवर बसून त्यांनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या, जुडी स्वीकारली आणि अपेनिसाच्या पायांकडे एकदा पाहिलं.

"यांगोना?"

"नाही डॉक्टर. साबण."

"बरं," म्हणून बाईंनी मुळं कुटून कालवायला सांगितली. पहिली करवंटी त्यांची, दुसरी अपेनिसाची. नाही म्हणावं तर आपणच आणलेल्या मानाचा अपमान. त्याने ती एका दमात रिकामी केली.

ईसोआकाकांचा ऊर भरून आला. "बघितलंत? थेंब सांडला नाही. आमच्या गावात याच्या तोडीचा पिणारा नाही, डॉक्टर. पहाटेपर्यंत बसतो आणि सकाळी दवाखान्यात हजर."

आपण शिफारस करतोय, असं काकांना वाटत होतं.

"म्हणजे रोग नाही," बाई म्हणाल्या. "तो शेरा मी खोडते. जागा मात्र दुसऱ्या कुणाला तरी देते. आत्ता माझ्या तोंडावर खोटं बोललास. उद्या रोग्याला चुकीचं औषध टोचलंस, तर मला कोण सांगणार?"

बाहेर आल्या आल्या अपेनिसा बायकोवर घसरला. "तुझ्यामुळे झालं हे. तुला कळू नये म्हणून मी बोललो."

"मला माहीत नव्हतं?" उनाइसी म्हणाली. "दर सुट्टीनंतर तू गेलास की तुझी चादर अंगणात झटकते मी. खवले पडतात."

"मग त्या डॉक्टरपुढे बोलली का नाहीस?"

"त्याने तुला विचारलं होतं. आता घरी मुली विचारतील, बाबा राहणार का म्हणून. तेही तूच सांग."