उशाशी लोखंड

बी.एस्सी.ला चुंबकत्वाच्या पेपरात मला वर्गात सगळ्यात जास्त गुण होते. ही बढाई नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यात ही गोष्ट माझ्या विरुद्धच जाते, म्हणून आधीच सांगून टाकते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. नागपुरात महालातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले होते. वय तेवीस, साड्या सगळ्या इस्त्रीच्या आणि जिभेला धार. आई म्हणायची, "तुझ्या टापटिपीला घरात जागा पुरत नाही, बरं झालं शाळा मिळाली." शाळेची प्रयोगशाळा म्हणजे माडीवरची कौलारू खोली. दोन लांब टेबलं, एक लाकडी कपाट, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि मामा.

मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. सगळी शाळा त्यांना मामाच म्हणायची. रामटेकच्या पलीकडच्या एका खेड्यातले, पन्नाशीकडे झुकलेले, गावाकडे थोडी धानाची शेती. ते आठ वर्षं शाळेत होते आणि आठही वर्षं तात्पुरते. दर जूनमध्ये त्यांना नेमणुकीचा नवा कागद मिळायचा. गावात गेले की पारावरची माणसं विचारत, "काहून गा, अजून टेम्परवारीच का?" हे ते मला हसत हसत सांगायचे, पण वारंवार सांगायचे. त्या वर्षी मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव पाठवायचं कबूल केलं होतं. खात्याची तपासणी व्हायची होती. प्रयोगशाळेबद्दल शेरा चांगला पडला की कागद वर जाणार होता. मामांचं सगळं त्या एका शेऱ्यावर अडकलं आहे हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

मामा चौथी शिकलेले. भिंग, तराजू, होकायंत्र, सगळं ते पोटच्या पोरासारखं जपत. दसऱ्याला कपाटातली उपकरणं टेबलावर मांडून त्यांना हळद-कुंकू वाहत, झेंडूची फुलं ठेवत. मला ते आवडत नसे. कुंकवाचे डाग मी मुलींसमोरच स्पिरिटने पुसून काढायची आणि वर म्हणायची, "विज्ञान आहे हे, देवघर नाही." मामा बाजूला उभे राहून फडकं हातात देत.

आमच्याकडे आठ पट्टीचुंबक होते. मामा त्यांच्या चार जोड्या करत. एकाचं लाल टोक दुसऱ्याच्या निळ्या टोकाशी येईल असे दोघांना शेजारी निजवत, मध्ये लाकडाची चिप घालत आणि दोन्ही बाजूंच्या टोकांना आडवा एकेक लोखंडाचा तुकडा लावत. ते तुकडे त्यांनी कधीतरी लोहाराकडून कापून आणलेले होते. काळपट, गंजके, ओबडधोबड. मग प्रत्येक जोडी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटात जायची.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "मामा, हे काय?"

"निजवून राहिलो बाई. यायच्या उशाले अन् पायथ्याले लोखंड लागते. नाहीतर जोर जाते यायचा."

मला हसू आलं. बाळंतिणीच्या आणि तान्ह्या बाळाच्या उशाशी विळा नाहीतर सुरी ठेवतात, काही बाधू नये म्हणून. माझ्या बहिणीच्या वेळी आमच्याच घरी ठेवला होता आणि त्यावरून मी आईशी भांडलेही होते. मला वाटलं, हे त्यातलंच. मामांनी चुंबकांचीही दृष्ट काढायला सुरुवात केली. घरी जाऊन मी ही गोष्ट रंगवून सांगितली आणि सगळे पोट धरून हसले.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा गावी गेले आणि मी प्रयोगशाळा आवरायला घेतली. तपासणी डिसेंबरात होती, तरी माझ्या अंगात आतापासूनच वारं शिरलं होतं. सुताराकडून एक छान सपाट पेटी करून घेतली. तिच्यात आठ खाचा, खाली हिरवं मखमली कापड. सगळी लाल टोकं एका बाजूला, सगळी निळी दुसऱ्या बाजूला, अशी चुंबकांची रांग लावली. कवायतीच्या मैदानावर मुली उभ्या कराव्यात तशी. चुंबक खाचेत नीट बसेनात, एकमेकांना ढकलून वर उसळत. मी सुताराला पुन्हा बोलावलं आणि खाचा घट्ट करून घेतल्या. धोतराची फडकी फेकली. ते आठ गंजके तुकडे, मोडकी तिपाई आणि फुटका स्टोव्ह, सगळं भंगारवाल्याच्या पोत्यात गेलं.

जूनमध्ये मामा आले. पेटी उघडून बराच वेळ पाहत राहिले. नववीच्या मुली तेव्हा प्रयोगवह्या घेऊन आत येत होत्या.

"बाई, तुकडे कुठं गेले?"

"तो कचरा? भंगारात दिला."

"लागते बाई ते त्यायले. अन् हे पाहा न, सारे एकमेकाले ढकलून राहिले. असे नाही ठेवत."

मुली ऐकत होत्या. मी म्हटलं, "मामा, बी.एस्सी. मी केलंय की तुम्ही?"

मुली हसल्या. मामाही थोडे हसले, माठाकडे गेले आणि पेले विसळायला लागले. त्यानंतर त्या पेटीबद्दल त्यांनी मला एक शब्द विचारला नाही.

दिवाळीनंतर एकदा जिन्यावरून येताना मामांचा पाय घसरला आणि ती पेटी त्यांच्या हातून पडली. चुंबक पायऱ्यांवर विखुरले. मुली धावल्या, मीही धावले. एकही तुटला नव्हता. मामांच्या गुडघ्याला खरचटलं होतं. ही गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

तपासणीच्या दिवशी खात्याचे साहेब माडीवर आले तेव्हा टेबलावर हिरव्या मखमलीची पेटी उघडी ठेवली होती. मामांनी धुतलेली टोपी घातली होती आणि ते कपाटाशी उभे होते. साहेबांनी एका मुलीला सांगितलं, "चुंबक लोहकिसात बुडव आणि मला दाखव, जोर कुठे जास्त असतो ते." मुलीने बुडवून काढला. एरवी टोकांना लोखंडाच्या किसाची दाट दाढी लोंबायची. त्या दिवशी चार केस चिकटले आणि त्यातले दोन खाली पडले. साहेबांनी दुसरा घ्यायला लावला, मग तिसरा. सगळ्यांची तीच गत.

"बाई, तुमच्या चुंबकांना अजून दाढी फुटलेली दिसत नाही," साहेब म्हणाले.

मुली खुदखुदल्या. मोठे सर माझ्याकडे पाहत होते. आणि मी म्हटलं, "सर, परिचरांच्या हातून पेटी पडली होती. आपटल्याने चुंबकत्व कमी होतं."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पेटी पडली होती. आपटल्याने चुंबकत्व कमी होतं, हे पुस्तकात आहे. खरं बोलूनही माणूस किती खोटं वागू शकतो हे मी त्या दिवशी शिकले, पण ते कळायला मला पुढे वर्ष लागलं.

साहेबांनी मामांकडे पाहिलं. "पडली होती का?"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "पडली होती साहेब. खोटं कायले बोलू?"

त्यांना पुढचं बोलता आलं असतं. पण तुकड्यांचं त्यांनी नावही काढलं नाही. सगळ्या मुलींसमोर मी त्यांना एकदा गप्प केलं होतं आणि ते गप्पच राहिले.

संध्याकाळी मोठ्या सरांनी साठ्याचं रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. मी लिहिलं : परिचराच्या हातून पडल्याने सर्व चुंबक निकामी. खाली सही केली. प्रयोगशाळेची निगा समाधानकारक नाही, असा शेरा आला. प्रस्ताव गेला नाही आणि पुढच्या जूनमध्ये मामांना तात्पुरत्याचाही कागद मिळाला नाही. किल्ल्या द्यायला ते माडीवर आले, स्पिरिटची बाटली कुठे आहे ते दाखवलं, माठात पाणी भरून ठेवलं आणि गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण मी शाळेत कितीदा वाक्यात उपयोग करून दाखवली असेल! तेव्हा मात्र ती मला आठवली नाही. मला इतकंच वाटलं की बिचाऱ्यांनी पेटी नीट धरायला हवी होती.

त्याच वर्षी नववीला चुंबकत्व शिकवत होते. शेवटचा मुद्दा, चुंबकांचं जतन. मी फळ्यावर आकृती काढली. दोन पट्टीचुंबक शेजारी, विरुद्ध ध्रुव एकमेकांजवळ, मध्ये लाकूड आणि दोन्ही बाजूंना आडवे नरम लोखंडाचे तुकडे. पुस्तकात त्यांना रक्षक म्हटलं होतं; ते नसले की चुंबकत्व हळूहळू जातं. ही आकृती मी परीक्षेत काढली होती, तिला पूर्ण गुण मिळाले होते. पुस्तकातले रक्षक सरळ रेषांचे, चौकोनी, स्वच्छ होते. लोहाराने कापलेले गंजके तुकडे म्हणजे तेच, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, आपल्या पेटीत हे तुकडे नाहीत."

माझा हात फळ्यावरच राहिला. घंटा व्हायला वीस मिनिटं होती. ती मी मुलींना आकृती वहीत उतरवायला सांगून काढली. मामा दृष्ट काढत नव्हते. ते जे करत होते ते शंभर टक्के भौतिकशास्त्र होतं, आणि त्या खोलीत अडाणी कोण असेल तर मी होते.

तरी मी कुणाला काही बोलले नाही. नोकरी कायम व्हायची होती, मग लग्न झालं, मग मूल झालं. कारणांना काय तोटा! चार वर्षं गेली. मग शाळेची सहल रामटेकला निघाली. मुली गडावर चढल्या आणि मी दुसऱ्या बाईंना सांगून, विचारत विचारत, मामांच्या गावी पोचले.

धान झोडपणं चाललं होतं. मामा खळ्यात होते. मला पाहून त्यांनी धोतराला हात पुसले, बायकोला हाक मारली, "चहा ठेव वं, शाळेतल्या बाई आल्या." खाट टाकली. मी बसले नाही. पाठ केल्यासारखं सगळं घडाघडा बोलून टाकलं. तुकडे, पेटी, आकृती, रजिस्टर. शेवटी रडले. म्हटलं, "मामा, चूक माझी होती. तुम्ही बरोबर होता. मला माफ करा."

मामांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, पण विरघळलेही नाहीत.

"हे मले काहून सांगून राहिल्या बाई?" ते म्हणाले. "मले तर तवाच माहीत होतं. ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा न."

थोड्या वेळाने मामाच पुन्हा बोलले, आवाज खाली करून, बायकोला ऐकू जाऊ नये असा, "सर तेच आहेत का अजून? सांगसान त्यायले? घेते का पाहा न परत. टेम्परवारी घेतलं तरी चालते."

"सांगते मामा. सोमवारीच सांगते."

निघताना त्यांच्या बायकोने नव्या तांदळाची पिशवी हातात दिली. नको म्हटलं तरी ऐकेना.

सोमवारी मी खरंच मोठ्या सरांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते उठले, कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, ते पान शोधलं आणि माझ्यापुढे उघडं ठेवलं.

"नोंद तुमच्या अक्षरात आहे," ते म्हणाले. "खाली दुरुस्ती लिहा, काय झालं ते स्वच्छ लिहा, सही करा. मी स्वतः घेऊन जातो वर. मार्चमध्ये मी निवृत्त होतो आहे, त्याआधी त्यांचं काही झालं तर मलाही बरं वाटेल."

त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. त्या महिन्यात मला पर्यवेक्षिका करण्याचं चाललं होतं. तो विषय सरांनी काढला नाही, मीही काढला नाही. पण ते माझ्या डोक्यात होतं, नव्हतं असं आज कशाला म्हणू?

मी म्हटलं, "सर, उद्या लिहिते. नीट शब्द जुळवून लिहिते."

सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि टोपण लावलं. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सरांनी पुन्हा विचारलं नाही आणि मार्च आला.

तो तांदूळ आम्ही महिनाभर खाल्ला. घरात सगळ्यांना आवडला. शब्द मी बरेच दिवस जुळवत होते. मूळची नोंद लिहायला मला एक मिनिटही लागलं नव्हतं.