उंदराच्या मुलाचे खिसे

आमच्या गावात आडनावाला कुणी विचारत नाही. आडनाव कर भरायला आणि थडग्यावर कोरायला. एरवी टोपणनावावरच भागतं, आणि ते एकदा चिकटलं की चार पिढ्या घासलं तरी निघत नाही. कातेल्लोला तर ते पाळण्यातच तयार मिळालं: उंदराचा मुलगा.

उंदीर म्हणजे त्याचा बाप, आनिएल्लो. आमच्याकडे व्हेझुव्हियसच्या राखेखाली दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन घरं गाडलेली आहेत. संडासाचा खड्डा खणायला निघालेला माणूस देवळात पोचतो आणि मग पंधरा वर्षं सरकारी परवानगीची वाट बघत शेजाऱ्याचा संडास वापरतो. आनिएल्लोला एवढा धीर नव्हता. तो लोकांच्या लिंबाच्या बागांखालून बोगदे खणून त्या घरांत शिरायचा आणि दिवे, भांडी, भिंतींवरची चित्रं, जे हाती लागेल ते वर आणायचा. कातेल्लो अकरा वर्षांचा असताना पोलीस आले. उंदीर दीड वर्ष पिंजऱ्यात होता. सुटून आला तो गुपचूप टोमॅटो लावू लागला.

अशा बापाच्या मुलानं काय व्हावं? कातेल्लो सरकारी उत्खननात मजूर झाला. म्हणजे धंदा तोच, पण दिवसाउजेडी, आणि डोक्यावर हेल्मेट.

उत्खननाची कोठी माझ्याकडे आहे. थाप्या, ब्रश, बादल्या, प्लास्टरची पोती मी देतो आणि परत घेतो. त्यामुळे कातेल्लोच्या दोन्ही खोडी मी एकोणचाळीस वर्षं जवळून पाहिल्या. पहिली खोड खिशांची. रोज संध्याकाळी फाटकाशी तो पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवायचा. कुणीही सांगितलेलं नसताना.

"ठेव रे ते आत!" पहारेकरी मिम्मो ओरडायचा. "तुझ्या खिशांची अस्तरं मला झोपेतसुद्धा दिसतात."

"बघून घे. उद्या म्हणशील, उंदराच्या पोरानं काहीतरी नेलं."

"काय नेणार तू? एका खिशाला भोक, दुसऱ्यात कॅरमेलची गोळी. तीसुद्धा चोखलेली."

दुसरी खोड पोकळीची. राखेत गाडलेलं लाकूड, दोर, माणसंसुद्धा कुजून गेली, पण त्यांच्या आकाराची पोकळी कडक राखेत तशीच राहिली. खणताना असं भोक लागलं की हात थांबवायचा, पातळ प्लास्टर ओतायचं, ते घट्ट झालं की भोवतीची राख काढायची. आत जे होतं त्याचा आकार समोर उभा राहतो. भोक लागलं की कातेल्लो हेल्मेट काढायचा, राखेवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचा आणि शेजाऱ्याच्या दारात उभं असल्यासारखा म्हणायचा, "येऊ का आत?" मगच थापी. उन्हाळ्यात येणारी कॉलेजची मुलं खिदळायची. एकानं विचारलं, "काका, आतून कुणी 'नको' म्हटलं तर?" कातेल्लो म्हणाला, "तर तुला पाठवीन."

गेल्या जूनमध्ये त्याच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. आम्ही गावाबाहेरच्या बागेत एका श्रीमंत रोमन घराचा मागचा भाग खणत होतो. प्रमुख होत्या लुदोविकाबाई. बर्गामोच्या, म्हणजे उत्तरेच्या, म्हणजे कॉफीत दूध घालून भर दुपारी पिणाऱ्या; आमच्याकडे दुधाची कॉफी फक्त सकाळी. त्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. त्यांच्याकडून ताप उतरत नाही, पण खापराच्या तुकड्यावरून रोमन माणसानं दुपारी काय खाल्लं ते त्या सांगतात.

त्या सोमवारी कातेल्लोची थापी एकदम आत गेली. भोक मोठं होतं. रुंद केलं तेव्हा आत, माणूस सरपटत जाईल एवढी वाट दिसली, एका लहान खोलीच्या भिंतीला लागून गेलेली. बाईंचे डोळे चमकले. "नोकरांची वाट! मालकाच्या नजरेला पडू नये म्हणून गुलामांना अशा वाटेनं फिरवत असतील. असं कुठेच सापडलेलं नाही!" त्यांनी तिथल्या तिथे गुरुवारी पत्रकारांना बोलावलं.

कातेल्लो त्या वाटेच्या छताकडे बघत राहिला. त्यानं टकटक केली नाही. हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

दोन दिवस त्यानं डबा उघडला नाही. डब्यात पाव, सॉसेज आणि कडवट पालेभाजी, त्याच्या आईनं बांधून दिलेली. राकेलीना, वय एक्याण्णव, अजून मुलाचा डबा करते आणि परत आला तर भांडते. बुधवारी मी त्याला कोठीत ओढलं.

"बोल. डॉक्टरांनी काही सांगितलं का? खरा डॉक्टर म्हणतोय मी, आपली बाई नव्हे."

"छतावरच्या टिकावाच्या खुणा बघितल्यास?"

"खुणांसारख्या खुणा."

"सगळ्या डावीकडून उजवीकडे पडल्यात. आखूड दांड्याचा टिकाव, डावखुरा माणूस." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "ती रोमन वाट नाही. माझा बाप आहे तो."

मी प्लास्टरच्या पोत्यावर बसलो.

"गप्प राहिलास तर?" मी म्हणालो. "सहा दिवसांनी तू घरी. बाई खूश, पेपरवाले खूश."

"आणि पोरं शाळेत शिकतील, की रोमन गुलाम माझ्या बापाच्या बोगद्यातून फिरायचे." त्यानं कपाळ पुसलं. "पण सांगितलं की पुन्हा उंदीर. पन्नास वर्षांत लोक जरा विसरले होते रे. आई या वयात बाजारात जाते. तिला काय काय ऐकवतील?"

तो उठला आणि हेल्मेट छातीशी धरून बाईंकडे गेला. मी मागोमाग गेलो. कोठी उघडीच राहिली.

"बाई, गुरुवारी काही सांगू नका. हा बोगदा चोराचा आहे."

"कशावरून, कातेल्लोकाका?"

"छतावरच्या खुणा डावखुऱ्याच्या टिकावाच्या आहेत. त्या चोराला मी ओळखतो. बाबा म्हणायचो त्याला."

बाईंचा चेहरा पडला, हे खोटं कशाला सांगू. आयुष्यातला सर्वांत मोठा शोध टिकावाच्या दोन खुणांत गेला होता. पण त्यांनी लगेच फोन उचलून पत्रकारांना नको म्हणून कळवलं, आणि फोन ठेवून कातेल्लोला विचारलं, "मग हा डावखुरा माणूस इथे का वळला?"

"म्हणजे?"

"बघा ना. बोगदा सरळ येतो. तसाच चार हात गेला असता तर चित्रांनी भरलेल्या मोठ्या दालनात पोचला असता. त्याला ते माहीत असणार. पण या लहान खोलीच्या कोपऱ्यापाशी तो एकदम वळतो आणि थांबतो. पुढे खणलंच नाही."

कातेल्लो आत सरपटला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग आवाज आला, "इथे काहीतरी कोंबलंय."

वळणाच्या जागी राखेत मुठीएवढं भोक होतं. त्यावर कौलाचा तुकडा बसवला होता, आणि कौलामागे, आत माती पडू नये म्हणून, लोकरीचा निळा गोळा दाबून बसवला होता. बाहेर आणून उलगडला तर स्वेटर. कसरीनं खाल्लेला, कोपरावर पिवळ्या लोकरीचं रफू.

कातेल्लो खाली बसला. गावात हा स्वेटर कुणाला माहीत नव्हता? राकेलीनानं एक अख्खा हिवाळा बसून तो विणला आणि आनिएल्लो एके दिवशी त्याच्याशिवाय घरी आला. म्हणाला, गाडीत राहिला. गाडीत! नवऱ्यानं तो कुठल्यातरी बाईला दिला, अशी राकेलीनाची तेव्हापासून खात्री होती. तो मेला, त्या दिवशी रडता रडतासुद्धा तिनं शवपेटीला विचारलं होतं, "आता तरी सांग, कोण होती ती?"

बाईंनी भोकातून विजेरीचा प्रकाश टाकला. आतली पोकळी स्वच्छ होती, मातीचा एक कण पडलेला नव्हता. कातेल्लोनं हेल्मेट काढलं, दोनदा टकटक केली. या वेळी कुणी हसलं नाही.

दोन पोती प्लास्टर गेलं. पुढच्या सोमवारी राख काढली तेव्हा एक पलंग उभा राहिला. लहान मुलाचा. चार फळ्या, विणलेल्या दोराची जाळी, वर घडी केलेलं पांघरूण; घडीच्या चुण्यासुद्धा उमटलेल्या. खाली मातीचं छोटं भांडं. आजूबाजूला तेलाचे मोठे रांजण, म्हणजे कोठीच ती. गुलामाचं पोर रांजणांमध्ये झोपत होतं.

"मालकाच्या घोड्याला याच्या दुप्पट जागा होती," बाई हळूच म्हणाल्या. "आणि ही पोकळी माती पडून बुजली असती, तर हे पोर कधीकाळी होतं हेही आपल्याला कळलं नसतं."

"मी इथे कामाला लागलो त्या दिवशी बाबा एवढंच बोलले होते," कातेल्लो पलंगाकडे बघत म्हणाला. "भोक लागलं तर आधी विचार. आत कुणी निजलेलं असेल."

बाईंनी वहीत पलंग लिहिला, भांडं लिहिलं, कौलाचा तुकडासुद्धा लिहिला. स्वेटर उचलून टेबलाच्या कडेला ठेवला आणि कातेल्लोकडे पाठ करून चष्मा पुसू लागल्या. पुसून झाला तरी पुसत राहिल्या. उत्तरेच्या असून बाई हुशार आहेत.

संध्याकाळी फाटकाशी कातेल्लो आला तो जूनच्या उकाड्यात कोट गळ्यापर्यंत लावून. पोट गाभण म्हशीसारखं. मिम्मोनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एका दिवसात एवढा सुटलास?"

"निवृत्तीचा आनंद."

"खिसे?"

एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा कातेल्लोनं खिसे दाखवले नाहीत. मिम्मोनं व्हेझुव्हियसकडे बघितलं, जणू आजच त्याला डोंगर दिसला होता. "जा, उंदराच्या पोरा," तो म्हणाला. त्याच्या तोंडी ते नाव इतकं मऊ मी कधी ऐकलं नव्हतं.

मी कातेल्लोला गाडीनं घरी सोडलं. राकेलीना दारात शेंगा सोलत बसली होती. त्यानं कोटाची बटणं काढली आणि स्वेटर तिच्या मांडीवर, शेंगांवरच ठेवला. तिनं तो नाकाजवळ नेला, कोपर शोधलं, पिवळ्या रफूवरून अंगठा फिरवला.

"कुणाकडे होता?"

"एका लहान मुलाच्या उशाशी, आई. बाबांना वाटलं, आत पोर निजलंय. अंगावर माती पडू नये म्हणून लावला. आणि तिथूनच परत फिरले."

"होतं का पोर?"

"नव्हतं. पलंग रिकामा होता. पांघरुणाची घडी तशीच."

"म्हणजे पळालं."

"पळालं असेल."

राकेलीनानं भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे डोळे वटारून बघितलं.

"गाडीत राहिला म्हणे! अरे मूर्खा, खरं सांगितलं असतंस तर मी दुसरा विणला नसता का?" आणि स्वेटर झटकत ती उठली. "कातेल्लो, पाणी तापव. किती राख आहे बघ यात."