हुकमातला एक शब्द

मराठी टंकलेखनाची परीक्षा द्यावीच लागेल असं कचेरीनं कळवलं, म्हणून शेहेचाळिसाव्या वर्षी मी क्लासला जाऊ लागलो. चौथ्या दिवशी शेजारच्या यंत्रावरची मुलगी माझ्याकडं वळून म्हणाली, "काका, हा तक्ते आखायचा धडा कशाला घोटताय? तो आपल्या परीक्षेला नाहीच." आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. मी मात्र कळांवर बोटं ठेवून तसाच बसलो. दोन वाक्यांचं काम होतं. मला ते एकदा जमलं नव्हतं.

निजामाच्या अमलात मी लोहाऱ्याच्या तहसील कचेरीत कारकुनीला लागलो तेव्हा मला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं, आणि कचेरी सगळी उर्दूत चालायची. मला शिकवलं ते पेशकारांनी. पेशकार म्हणजे तहसीलदारांपुढं कागद मांडणारे, कचेरीतले सगळ्यात जाणते. वय तेव्हा माझ्या आजच्याएवढंच असेल. काम आटोपलं की ते मला घरी नेत, लाकडी तख्तीवर पांढरी माती फासून बोरूनं अलिफ, बे काढून देत. मी गिरवायचो, ते धुवायला लावायचे. असं दीड वर्ष चाललं. माझी नोकरी टिकली ती त्या तख्तीवर.

मग निजामाचं राज्य गेलं. काही महिन्यांनी हुकूम आला, तोही मराठीत. पेशकारांनी तो वाचायला माझ्याकडं दिला. मी सारांश सांगितला : यापुढं काम मराठीत, जुन्या नोकरांनी तीन महिन्यांत लेखी परीक्षा द्यायची, नापास होईल त्यानं जागा सोडायची. हुकमात 'बाळबोध लिपीत', म्हणजे छापील पुस्तकांतल्या देवनागरीत, असंही होतं. ते सांगायचं राहिलं. तेव्हा खरोखरच राहिलं.

पेशकार मराठी आमच्यासारखीच बोलत, पण कधी लिहिली नव्हती. गावोगावच्या कुळकर्ण्यांचे जे मराठी कागद आयुष्यभर त्यांच्यापुढं आले ते सगळे मोडीतले. मराठी लिहायची म्हणजे मोडी, हे ते धरूनच चालले. एका म्हाताऱ्या कुळकर्ण्याकडं त्यांनी शिकवणी धरली आणि पंधरा दिवसांनी मला घरी बोलावलं. भिंतीला तीच तख्ती टेकवलेली होती. तिच्यावर मोडीच्या ओळी होत्या, माझ्या हाताला कधी साधलं नाही अशा वळणाच्या.

"बघ बेटा, आता मी पहिलीत," ते म्हणाले. "हात बसतोय का?"

हुकमातला 'बाळबोध' हा शब्द मला त्या क्षणी आठवला. अजून अडीच महिने होते. पण त्याच आठवड्यात बडे कारकून मला हसत म्हणाले होते, की पेशकार गेले तर ती जागा दोन्ही भाषा येणाऱ्याला, म्हणजे तुलाच. माझं लग्न ठरत होतं. मुलीच्या वडिलांना मी कोण आहे हे सांगताना माझा आवाज खाली जायचा.

"लई चांगला बसतोय, साहेब," मी म्हणालो. उद्या सांगू असं ठरवून चहा प्यालो.

उद्या रोज येत होता. पेशकार बाहीवर पांढऱ्या मातीचे डाग घेऊन कचेरीत यायचे. साहेब या वयात ओनामा गिरवतायत, असं चपराशी त्यांच्या तोंडावर म्हणायचा. "तू बी ये, दोघं गिरवू," असं ते म्हणत आणि सगळे हसत. मीही हसायचो. जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड झालं, कारण आता आधी का सांगितलं नाही हेही सांगावं लागलं असतं. शेवटच्या आठवड्यात तर ते समोरून आले की मी कागदात मान घालायचो.

परीक्षेला ओसरीवर सतरंजी टाकून आठजण बसले. मराठी शाळा शिकलेलो म्हणून मला परीक्षा माफ होती, मी कोरे कागद वाटत होतो. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यानं मजकूर सांगायला सुरुवात करण्याआधी बजावलं, की बाळबोधातच लिहायचं, दुसरी लिपी तपासली जाणार नाही. पेशकारांचा बोरू दौतीवर थांबला. त्यांनी मान वर करून अधिकाऱ्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. मग खाली वाकून ते सांगितलेला सगळा मजकूर मोडीत लिहीत गेले. कुठं खाडाखोड नाही. अधिकाऱ्यानं तो कागद न वाचताच बाजूला ठेवला.

त्याच संध्याकाळी जागा सोडून दप्तराच्या किल्ल्या माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "हुकमात लिपीचं काही होतं का रे?"

"न्हाय साहेब. मलाबी आजच कळलं."

तो हुकूम त्याच दप्तरात होता. किल्ल्या माझ्या मुठीत होत्या.

त्यांनी माझ्या मुठीकडं पाहिलं. "मग ठीक," म्हणाले. "आता घाई न्हाय. उद्यापासून तू बाळबोध शिकव."

मी गेलो. दोन महिने रोज गेलो, रोज सांगायचं ठरवून. त्याच तख्तीवर मी अक्षरं काढून द्यायचो, ते गिरवायचे. फार लवकर शिकले. पुढं पुढं तर मिळेल तो कागद मोठ्यानं वाचून दाखवायचे. एक दिवस तख्ती धुऊन उन्हात ठेवत ते म्हणाले, "कचेरीतला तो हुकूम आण एकदा. माझा मला वाचू दे."

आणतो म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या गल्लीतून जाणं सोडलं.