थोरल्या दिरांची फांदी

आमच्या अंगणातल्या फणसाच्या फांद्या वाटून दिलेल्या आहेत. हसण्यासारखं वाटेल, पण खरं आहे. घराची वाटणी झाली, आंब्याची कलमं वाटली, विहिरीच्या पाण्याचे वार ठरले, आणि फणस एकच म्हणून सासऱ्यांनी जाण्यापूर्वी फांद्या नेमून दिल्या. दक्षिणेकडच्या आमच्या, उत्तरेकडची सगळ्यात मोठी थोरल्या दिरांची. दीर डोंबिवलीला असतात. मे महिन्यात पंधरा दिवस येतात, चार फणस फोडतात आणि जातात. उरलेले पिकून पडतात, माशा घोंगावतात आणि मी खराट्याने लोटून टाकते. तेवढं मात्र वाटणीत कुणाच्या नावावर नाही.

मुलगी पुण्याहून घरी राहायला आली तेव्हा या फांदीचा नि आमचा संबंध येईल असं वाटलं नव्हतं. ती मूकबधिर मुलांना शिकवते. गावोगावची मुलं, ज्यांना जवळपास तशी शाळा नाही, ती संगणकावर तिच्यासमोर बसतात आणि ती हातांच्या खुणांनी शिकवते. संस्थेने घरून काम करायची परवानगी दिली ती एका अटीवर. वर्ग तुटता कामा नये. वर्ग उन्हाळ्यातही चालूच असतात; शाळा सुरू होईपर्यंत नीट बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर जूनमध्ये पुण्याला परत. तिला परत जायचं नव्हतं. मला तर तिला मुळीच पाठवायचं नव्हतं.

आमचं गाव गुहागरच्या अलीकडे, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराच्या, खालच्या खळग्यात. मोबाइलला रेंज मिळते ती विहिरीच्या काठावर, तीही एका पायावर उभं राहिलं तर. केबलवाल्याने वरच्या रस्त्यापर्यंत तार आणली आणि खाली उतरायला साफ नकार दिला. चार घरांसाठी कोण खांब रोवणार, म्हणाला. म्हणजे आम्ही चार घरं माणसं नव्हेत. शेवटी उपग्रहावरून इंटरनेट घ्यायचं ठरलं. थाळीएवढी चपटी तबकडी येते, तिला मोकळं आभाळ दाखवायचं, बस. बसवायला आलेला माणूस फोन आभाळाकडे धरून अंगणात गोल फिरला आणि फोन माझ्यासमोर धरला. मागच्या बाजूला डोंगर. समोर फोनच्या पडद्यावर सगळं आभाळ निळं आणि बरोबर मधोमध एक मोठा लाल डाग. तो डाग म्हणजे थोरल्या दिरांची फांदी.

"माडांचं चालेल," तो म्हणाला, "ते हलतात, मधून जागा देतात. हा फणस काही देत नाही."

दिरांना फोन केला. माझ्या यजमानांनीच केला, कारण थोरल्या दिरांशी मी चहा घेता का, पानं घेतली आहेत, यापलीकडे कधी बोललेली नव्हते. उत्तर आलं, "माझ्या फांदीला हात लावायचा नाय." कोकणी माणूस फणसासारखा, वरून काटे आणि आत गोड गरे, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आमचे दीर पाहिलेले नसावेत. आणि माझे यजमान फोन ठेवून काय म्हणाले, तर "त्याची वस्तू आहे, त्याचा शब्द मोडता येत नाही." मला इतका संताप आला की त्या दिवशी आमटीत मी दोनदा मीठ घातलं.

तरी तबकडी बसवली. दर दोन-तीन मिनिटांनी उपग्रह त्या फांदीआड जायचा आणि चित्र थिजायचं. बोलणाऱ्या माणसाचं चित्र थिजलं तर आवाज तरी येतो. इथे हात म्हणजेच शब्द. मुलीचा हात अर्ध्यात अडकायचा आणि पलीकडे यवतमाळकडची एक सात वर्षांची पोर गोंधळून बघत राहायची. बाई रागावून गप्प बसल्या असं तिला वाटायचं. मग ती कान पकडायची. मी दारातून ते पाहिलं आणि मला रडू आवरेना.

यजमान रत्नागिरीत शाळेच्या मुलांची गाडी चालवत. ते काम सोडल्यावर त्यांनी त्याच गाडीत बाक काढून पलंग, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली होती, दोघांनी फिरायचं म्हणून. आम्ही एकदाच गोव्यापर्यंत जाऊन आलो. आता त्यांनी तबकडी उतरवून गाडीच्या टपावर बसवली आणि रोज सकाळी मुलीला नि मला घेऊन गाडी सड्यावर नेऊ लागले. सड्यावर कातळाशिवाय काही नाही, त्यामुळे आभाळ हवं तेवढं. पहिल्याच दिवशी वर्ग सलग तीन तास चालला. पण एप्रिलचा कातळ म्हणजे तापलेला तवा. पत्र्याच्या गाडीत मुलगी घामाने निथळत शिकवायची, मी पडदे ओले करून लावायची. स्वतःचं घर खाली सावलीत उभं आणि आम्ही भटक्यांसारखे वर उन्हात, कशासाठी, तर डोंबिवलीच्या माणसाच्या फांदीसाठी. हे मी रोज यजमानांना ऐकवलं. ते रोज गाडीची काच पुसत राहिले.

मेच्या मध्यावर वीज कडाडू लागली. उघड्या सड्यावर टपावर तबकडी घेऊन बसणं शक्यच नव्हतं. गाडी खाली आली ती आलीच.

त्याच आठवड्यात थोरले दीर आले. बरोबर धाकटी नणंदही आली, चिपळूणहून, दरवर्षीसारखी चार दिवसांसाठी. दिरांनी आल्या आल्या अंगणात जाऊन फांदी पाहिली, ओटीवर बसले, खिशातून फोन काढला आणि मला म्हणाले, "इथे नेट आलंय म्हणे. पासवर्ड काय गो?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "दादा, नेट येतं, पण तुमच्या फांदीमुळे तुटतं," मी म्हटलं. "जूनला तिची शाळा आहे. ती फांदी उतरवायला हवी."

"अगो, ती काय इथे जन्म काढणार आहे? उद्या लग्न होईल, जाईल आपल्या घरी. तिच्या चार दिवसांच्या हौसेपायी जितं झाड तोडायचं?"

मग माझा तोल सुटला. "हे तिचं घर नव्हे तर कुणाचं? वर्षाला पंधरा दिवस गरे खायला येतात त्यांचं? झाड जितं आहे म्हणता, पडलेले फणस उचलायला कधी वाकलात? मुलगी म्हणून तिने उठून जायचं आणि तुमच्या फांदीने इथे राहायचं, हा कुठला न्याय? या घरावर तिचा हक्क आहे. लग्न झालं तरी राहील."

मग यजमान खाली बघत म्हणाले, "मी उद्या माणूस बोलावतो." लग्नाच्या एकतीस वर्षांत मोठ्या भावाविरुद्ध मी ऐकलेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. दीर म्हणाले, "करा काय ते," आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी गडी आला. त्याने बुंध्याशी नारळ ठेवून झाडाची माफी मागितली आणि दोर लावून फांदी बेताने उतरवली. दुपारी तबकडी कौलांवर चढली. यवतमाळच्या पोरीने त्यांच्या शेळीला दोन करडं झाल्याची हकीकत हातांनी सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही न थिजता. मुलगी घरी राहणार हे नक्की झालं. मला आनंद झाला, आणि एवढ्याशा गोष्टीला तीन महिने लागले याचा रागही आला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात नणंद माझ्याजवळ बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. "वहिनी, काल छान बोललीस," ती म्हणाली. मी म्हटलं, बोलायलाच हवं होतं.

"माझ्या वेळी कागद तूच पुढे केला होतास. आठवतं का गो?"

आमच्याकडे बाप गेला की बहिणी हक्कसोडीवर सही करतात, आपला वाटा भावांना सोडून देतात. रीतच आहे. सासरे गेल्यावर ही दोन दिवस सही करेना. तेव्हा दीर आणि यजमान ओटीवर बसून राहिले आणि तिला समजवायला मला आत पाठवलं. मी तिला म्हटलं होतं, तू आता आपल्या घरची, एवढ्यासाठी माहेर तोडून घेतेस का? आणि पेन तिच्या हातात दिलं होतं.

"आठवतं," मी म्हटलं.

"आठवतंय ते बरं झालं," ती म्हणाली आणि तिने पुढची आठळी उचलली.