सिस्टरांचे काळे गोल आणि माझी ऊबपेटी

मंडळी, सागवानी देव्हारा, पिठाच्या गिरणीचा स्टार्टर आणि नाशिक रोडच्या एका प्रसूतिगृहासाठी अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवायची बल्बची ऊबपेटी, हे सगळं मी कुणी न शिकवता या हातांनी केलंय. पेटीचा पारा अर्ध्या अंशापेक्षा जास्त हलत नाही.

आज दुपारी तिचा थर्मोस्टॅट तपासायला गेलो. आत सातव्या महिन्यात जन्मलेली मुलगी होती. बाहेर तिची आजी सुनेला ऐकवत होती, "लय वाकून झेंडू तोडला हिनं, म्हणून लवकर झालं." सून भिंतीकडे तोंड करून रडत होती.

तिथल्या सिस्टरांनी ते ऐकून कागद घेतला. सुनेला विचारत तिच्या माहेरच्या प्रत्येक बाईचा एक गोल काढला. जिचं बाळ लवकर झालं, तिचा गोल काळा केला. आई, मावशी, मोठी बहीण, तिन्ही गोल काळे!

"यातल्या कुणी झेंडू तोडला?" सिस्टरांनी विचारलं.

"नाय," सून म्हणाली.

"काही जनुकं अशी वारशानं येतात, त्यानं धोका वाढतो. पुढच्या खेपेला पहिल्यापासून लक्ष ठेवू."

"म्हंजे खोट हिच्या माहेरातच!" आजी म्हणाली.

"आजी, तुमचे डोळे घारे, तेही वारशानंच आले. ती कुणाची खोट?"

आजी हसली. मग सुनेजवळ जाऊन बसली.

मी अर्धा अंश मोजतो, पण असं मोजमाप मला जमलं नसतं. तुमच्या घरात असे गोल कुणी काढून पाहिलेत का?

मी निघताना आजी म्हणाली, "भाऊ, पेटी इकत द्या, नात घरी नेते." म्हटलं, पेटीबरोबर सिस्टर मिळत नाहीत. रोख तीन हजार देत होती, नको म्हणून आलो.