गंगादादानं परत दिलेली वळणं

पौषातली सकाळ होती. नांदेडच्या घराच्या गच्चीवर मी तीळ वाळत घालत होते आणि फोन वाजला. नाव पाहिलं तर हरीभाऊ राठोड. आमच्या गावाखालच्या तांड्यावरचे हरीभाऊ वर्षातून एखाद्या वेळेस, संक्रांतीच्या आगेमागे फोन करतात, म्हणून मी हसतच उचलला. ते म्हणाले, "ताई, आपला गंगाधर गेला... रानातच छातीत दुखून राहिलं म्हणला. हिंगोलीला घेऊन निघालो, पर वाटंतच..." घरच्या कुणाच्याही आधी ही बातमी मला हरीभाऊंनी द्यावी, यात त्या दोघांची सगळी कहाणी आहे. ती लिहायला बसायला मला दोनेक महिने लागले.

गंगाधर माझा चुलतभाऊ. मी त्याला गंगादादा म्हणायची आणि तो मला शाले. हिंगोलीकडच्या पुसेगावच्या पलीकडे आमचं गाव, आणि गावाला लागून एक ओढा. आमच्या लहानपणी तो ओढा इतका वाकडातिकडा होता की आमच्या शेतातून दादाच्या शेतात जायचं तर तो ओलांडावाच लागायचा, आणि थोडं पुढं गेलं की परत आडवा यायचा. दर वळणाशी एक डोह. एका डोहावर करंज वाकलेला, दुसऱ्याला उंबराची सावली. पावसाळा सरून थंडी पडली तरी या डोहांत पाणी असायचं. दादा गुडघाभर पाण्यात उतरून दगडाखालचे खेकडे काढायचा आणि मी काठावर डबा धरून ओरडायची. शेतांचे बांध तेव्हा चांगले रुंद होते. त्यांच्यावर बोरी, तरवड, हातभर उंचीचं गवत. दुपारची भाकरी आम्ही बांधावरच खायचो, आणि दादा जेवता जेवता पायानं तितराच्या घरट्याची जागा दाखवायचा, हात लावू द्यायचा नाही. आता हे आठवलं की वाटतं, आमचं अख्खं बालपण शेताच्या कडांवर गेलं. मधल्या रानात मोठी माणसं राबायची. कडा आमच्या होत्या.

शाळा दादाला मानवली नाही. दहावीनंतर तो पुण्याकडे एका ठेकेदाराच्या हाताखाली गेला, मशीन चालवायला शिकला आणि काही वर्षांनी स्वतःचा जेसीबी घेऊन गावात आला. तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण मी तेव्हा माहेरपणाला आले होते. मारुतीच्या पाराजवळ मशीन उभं केलं होतं, झेंडूचे हार घातलेलं. मीरावहिनीनं त्याला ओवाळलं आणि मशीनच्या लोखंडी दातांनाही हळदकुंकू लावलं. आमच्या पंचक्रोशीत मशीन असलेला दादा पहिलाच. सगळ्या गावाला त्याचा अभिमान, आणि त्याचा हात होताच तसा. वरातीत नाचणाऱ्या घोड्यासारखं तो ते धूड फिरवायचा.

मग कामं सुरू झाली. बांध काढला की पेरणीची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, जास्त निघतात, म्हणून लोकांनी बांध काढून घेतले. बोरी गेल्या, तरवड गेली. रस्त्यांना मुरूम हवा होता, म्हणून गावामागचा माळ एका अंगानं खरवडला. ओढ्याकाठची पोयट्याची माती वीटभट्ट्यांना गेली. आणि शेवटी ओढा. दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांनीच दादाला बोलावलं. वळणात किती रान वाया जातं, ओढा सरळ केला तर प्रत्येकाला पट्टा मिळेल, असा हिशेब होता. खरं सांगायचं तर गावात कुणीच नको म्हणालं नाही. माझे वडीलही पट्टा मिळाला म्हणून खूश होते. दादानं एका उन्हाळ्यात ओढा दोरी लावल्यासारखा सरळ केला, डोह बुजवले. मी त्या दिवाळीत गेले तेव्हा करंज कुठं होता तेही मला ओळखू येईना. "कसं दिसून राहिलंय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "कालव्यासारखं." त्याला ती शाबासकी वाटली. मलाही तेव्हा तसंच म्हणायचं होतं.

दोन-तीन पावसाळे साधेच गेले. मग एका भादव्यात असा पाऊस कोसळला की माळावरचं सगळं पाणी एकदम खाली आलं. माळावर गवत नव्हतं, शेतांना बांध नव्हते, आणि ओढ्याला थांबायला वळण राहिलं नव्हतं. गावाजवळून ते पाणी धडधडत निघून गेलं, आमच्यातल्या कुणाचं फारसं नुकसान झालं नाही. ते जाऊन आदळलं खाली तांड्याशी, हरीभाऊंच्या रानावर. उभी हळद होती त्यांची. पाणी ओसरलं तेव्हा हळद नव्हती आणि माती पण नव्हती. पिवळा मुरूम उघडा पडला होता.

दुसऱ्या दिवशी दादा तिथं गेला. हे त्यानं मला नंतर सांगितलं, आमच्या ओसरीवर बसून, खाली बघत. "शाले, हरीभाऊची बायको जमनाबाई चिखलातून हळदीचे गड्डे वेचून राहिली होती. हरीभाऊ नुसता उभा. मला वाटलं आता शिव्या देतो, अंगावर येतो. मी म्हणलं, हरीभाऊ, माझ्यानं चूक झाली. तर तो काय म्हणला माहितंय? म्हणला, गंगाधर, तुला शिव्या देऊन माती येती काय परत? जा बाबा तू. हिथं उभा राहू नको." त्यानं ओसरीवर टाच आपटून दाखवली. "काळ्या रानात पाय रुततो गं... माझा पाय रुतलाच न्हाई. टणटण वाजत होतं खाली."

त्या पावसानंतर मशीन बरेच महिने घरासमोर उभं होतं. वहिनी काळजीनं फोन करायची, "ताई, जेवण बराबर न्हाई त्यांचं. बोलत पण न्हाईत." उन्हाळ्यात मात्र त्यानं ते चालू केलं. गावतलावातला गाळ काढला आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या हातापाया पडून तो हरीभाऊंच्या रानात नेऊन टाकला. हरीभाऊ नको म्हणाले नाहीत, या पण म्हणाले नाहीत. बांधापलीकडे बिडी ओढत बघत राहिले. पुढच्या पावसाळ्यात त्यातला बराच गाळ पुन्हा वाहून गेला. तेव्हा दादाला कळून चुकलं की वरचं पाणी पळतं आहे तोवर खाली माती ओतून उपयोग नाही. आधी पाण्याला थोपवायला हवं. म्हणजे ओढ्याला त्याची वळणं परत द्यायला हवीत, आणि वळणं द्यायची तर लोकांना मिळालेले पट्टे परत मागायला हवेत.

सगळ्यात आधी तो आला माझ्या वडिलांकडे. मी त्या वेळी माहेरीच होते. वडील तापटच. "दिलेलं रान माघारी मागतो व्हय रे? तूच म्हणला ना, काका, पट्टा भेटतोय, घ्या?" दादा म्हणाला, "मीच म्हणलो काका. मीच मागायला आलो." वडिलांनी पानाचा डबा बंद केला आणि उठून आत गेले. दादा तसाच बसून राहिला. मी चहा आणून दिला तो त्यानं प्याला आणि म्हणाला, "बराबर आहे काकाचं. आधी माझं रान फोडतो."

आणि फोडलं. ऐन सोयाबीनच्या तुकड्यातून त्यानं पूर्वीच्या जागी वळण काढलं. काठाला दगड रचले, दगडांच्या सांदीत वाळ्याचं गवत लावलं. लोक हसले. वहिनी तर चिडलीच. मला म्हणाली, "दुसऱ्याची सरळ कामं सोडून सोताचं रान पाण्यात घालून राहिलेत. काहून? कुणी सांगितलंय?" तिचंही चूक नव्हतं. मशीनला बाहेर मागणी होती, आणि हा बिनपैशाची कामं अंगावर घेत होता. तो नुसता म्हणायचा, "होईल गं."

त्या पावसाळ्यात वडील छत्री घेऊन रोज ओढ्यावर जायचे. दादाच्या वळणाशी पाणी आलं की मंद व्हायचं, गढूळपणा खाली बसायचा. तिथून सुटून आमच्या सरळ काठाला लागलं की पुन्हा धावायचं, आणि काठाची ढेकळं धप्पकन पाण्यात पडायची. पुढच्या वैशाखात एक दिवस वडील स्वतःच दादाच्या दारात गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "मशीन आण." इतकंच. त्यांचं पाहून आणखी काही जण तयार झाले. सगळे नाही झाले. आजही ओढा मध्ये मध्ये सरळ आहे, आणि तिथं काठ दरसाल तुटतो.

माळाचं काम त्याहून अवघड होतं. उताराला आडवे चर खोदणं मशीनला सोपं, पण चरांच्या मधल्या जागेत गवत धरायचं तर दोन-तीन वर्षं गुरं आत सोडता येत नाहीत. आणि त्या माळावर गुरं चरायची ती मुख्यतः तांड्याची. म्हणजे ज्यांचं रान वाहून गेलं त्यांच्याकडेच पुन्हा काही मागायला जायचं. दादा गेला. तांड्याचे प्रमुख असलेल्या नाईकांच्या दारात माणसं जमली होती. एक म्हातारा म्हणाला, "माळ खरवडला तुमच्या गावानं, आणि गुरं बांधायची आमी?" तेव्हा हरीभाऊ बोलले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या बाजूनं. "गुरं सोडायची न्हाईत. पर गवत कापून न्यायचा हक्क पहिला तांड्याचा. गावाचा मागून. हे कबूल हाय का?" दादा म्हणाला, "कबूल." गावात येऊन ते सगळ्यांच्या गळी उतरवायला त्याला सबंध उन्हाळा लागला, पण उतरवलं. पहिल्या वर्षी नुसतं कुसळ आलं. मग हळूहळू पवना, मारवेल अशी चाऱ्याची गवतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं मला माळावर नेलं आणि गवतात हात घालून म्हणाला, "बघ, खाली गार लागतंय." मी हात घातला. खरंच गार लागत होतं.

त्या सुमारास त्याचा आणि हरीभाऊंचा दोस्ताना जुळला. कसा ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. हरीभाऊंच्या रानात दरसाल थोडा थोडा गाळ पडत होता, आता तो टिकत होता. आधी त्यांनी तूर घेतली, मग ज्वारी. पालापाचोळा जाळायचा नाही, रानातच कुजवायचा, पेरणी उताराला आडवी करायची, यावरून दोघं तासन् तास वाद घालायचे. संध्याकाळी हरीभाऊंच्या बाजेवर दादा पाय वर घेऊन बसलेला असायचा आणि जमनाबाई त्याला न विचारता भाकरी वाढायची. रानाचा एक कोपरा मात्र भरून आलाच नाही. अजूनही तिथं मुरूमच आहे. दादा म्हणायचा, "जाणारी माती थांबवता येती शाले. गेलेली आणता येत न्हाई. मी आपलं इकडचं तिकडं करून राहिलो." त्याच्या बोलण्यात रडगाणं नसायचं. तो कोपऱ्यात सीताफळीची रोपं लावून मोकळा झाला होता.

गेल्या जूनमध्ये हरीभाऊंनी अर्ध्या रानात हळद लावली. त्या भादव्यानंतरची पहिली. दिवाळीत मी गेले तेव्हा पानं कमरेला लागत होती आणि दादा मला ती अशी दाखवत होता जशी पोरगी दहावीला पहिली आलीय. "काढणीला ये," म्हणाला. तीच आमची शेवटची भेट.

काढणीला मी गेले. दादाला जाऊन तेव्हा पाच-सहा आठवडे झाले होते. वहिनी पण आली, घरातून पहिल्यांदाच बाहेर पडली. तांड्यातल्या बाया रानात गोल करून बसल्या होत्या, समोर गड्ड्यांचे ढीग. कंद तसे बारीकच होते, पूर्वी निघायचे तसे भरलेले नव्हते. मीही बसले आणि एक गड्डा उचलून तसाच टोपल्यात टाकला. जमनाबाईनं तो पुन्हा काढून माझ्या हातात दिला. "असा न्हाई बाई. माती हिथंच झटकायची. आमी आधी तसाच घरी न्यायचो आन् अंगणात आपटायचो. तुमचा भाऊ ओरडायचा... म्हणायचा, चिमूटभर बी रानाभाईर जाऊ देऊ नका."

मी गड्डा हातावर आपटला. माती भुरभुरत खाली पडली. माझ्या शेजारी वहिनी मान खाली घालून गड्डे झटकत होती. एक झाला की दुसरा घ्यायची, हातातला नीट स्वच्छ होईपर्यंत खाली ठेवायची नाही. जेवायच्या वेळेला सगळ्या उठल्या तशी तीही उठली, दोन पावलं गेली, थांबली, आणि पदरात साचलेली माती मागे वळून रानात झटकली.