उघड्या दारातला मलिदा

सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या त्या ब्लॉकमध्ये आठव्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडलं, की शुक्रवारी हिरव्या वाटणाचा आणि नारळाच्या रसाचा वास यायचा. वासामागे गेलं की सिपोरा आष्टमकरांचं घर. लाकडी दार दिवसभर सताड उघडं, बाहेरची लोखंडी जाळी तेवढी ओढलेली. चौकटीवर उजव्या हाताला पितळी मेझुझा, प्रार्थनेच्या चिठ्ठीची बारीक डबी, तिरकी ठोकलेली, आणि आतून मराठी ऐकू यायची. तीही अशी खणखणीत, की ब्लॉकमध्ये नवं आलेलं मराठी माणूस जाळीशी थबकायचंच.

महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात सिपोराबाई दरवर्षी सासूचं काम करत. सरावाला कुणी नवखा असला की प्रश्न ठरलेला. "आष्टमकर म्हणजे रोह्याकडचे ना? मग सिपोरा कसं काय? ख्रिश्चन का तुम्ही?"

"ज्यू आम्ही. बेने इस्राएल. दोन हजार वर्षांपूर्वी आमचं गलबत नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, तेव्हापासून कोकणात. तुमचे पूर्वज तेव्हा कुठे होते ते आधी घरी विचारून या."

बाई मुळातच तिखट. भायखळ्यात वाढलेल्या, मुंबईच्या बँकेत काम केलेल्या, नवऱ्याच्या नोकरीपायी सिंगापूरला आल्या आणि इथेही विमा कंपनीच्या ऑफिसात निवृत्तीपर्यंत सगळ्यांना धाकात ठेवून राहिल्या. नवरा मोझेस तुआसला जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनिअर. त्यांना जहाजाबद्दल विचारलं तर तासभर बोलत, एरवी पेपराआड. घरात बोलायचं काम बाईंकडे होतं आणि ते त्या कधी तुंबू देत नसत.

अशा बाईंनी २००६ सालच्या पावसाळी नोव्हेंबरात आपलं मलिद्याचं ताट जुन्या साडीत गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर चढवलं, तेव्हा मोझेसनीसुद्धा पेपर खाली घेतला.

मलिदा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भलतीच माणसं येतात. तो मलिदा वेगळा. बेने इस्राएलांचा मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे. ताटात त्याचा डोंगर रचायचा, भोवती पाच फळं मांडायची, वर गुलाब आणि सब्जाची पानं. एलियाहू हन्नबी, म्हणजे एलियाहू पैगंबर, त्याच्या नावानं हिब्रूत प्रार्थना म्हणायच्या, फळाफळाला वेगळा आशीर्वाद म्हणायचा आणि मग सगळ्यांनी मिळून खायचं. नवस फेडायची हीच रीत. सिपोराबाईंचा नवस लेकीचा होता. नाओमी वकील झाली, मोठ्या पगाराची झाली, तीस वर्षांची झाली, आणि लग्नाचं नाव काढलं की "आई, स्टॉप लाह" म्हणून फोन ठेवू लागली, तेव्हा बाईंनी हात जोडले होते. पोरीचं जमू दे, मलिदा करीन.

जमलं! मुलगा ईताय, इस्राएलमधल्या अश्दोदचा, इथे कॉम्प्युटर कंपनीत. जमलं म्हणजे मुलाकडून जमलं. त्याची आई आठवड्यासाठी घर बघायला यायची होती.

"आई," नाओमी म्हणाली, "त्या इथे असेपर्यंत मलिदा नको. प्लीज. ताट, नारळ, फुलं... त्यांना वाटेल आपण पूजा करतो. मग आपण खरे ज्यू आहोत का, हे सुरू होईल."

बाईंना एरवी "बरं" म्हणायला भांडणाची एक फेरी तरी लागे. त्या दिवशी त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. कारण नाओमी म्हणत होती ते घडलेलं होतं. त्यांची मिल्कामावशी साठच्या दशकात इस्राएलला गेली, मोठ्या हौसेनं गेली, आणि तिथल्या पहिल्या मलिद्याला तिनं शेजारणींना बोलावलं. त्यांनी ताट पाहिलं, हात मागे घेतले आणि म्हणाल्या, हे तुमच्याकडचं असेल, आपल्यात नाही असं. त्याच सुमाराला तिथे बेने इस्राएलांना लग्न लावायचं तर आज्या-पणज्यांपर्यंतचे पुरावे मागत होते. मावशी पुढे भेटीला मुंबईला आली तेव्हा सांगत होती, "मलिदा करते गं मी अजून. पण दार लावून करते." दार लावून! सिपोराबाईंना त्या दोन शब्दांची चीड होती. त्यांच्या घराचं दार उघडं असे ते उगाच नव्हे. आणि आता त्यांनाच ताट लपवावं लागलं. नवस राहिला तर देव काय करील याची त्यांना फारशी भीती नव्हती. लेकीचं लग्न लागावं म्हणून आपणही मिल्कामावशीसारखं दार लावणार का, हा प्रश्न त्यांना झोपू देईना.

ईतायची आई, अलिझा, आली. शाळेत नर्सचं काम करणारी, बुटकी, डोक्यावर गॉगल, आवाज सिपोराबाईंच्या तोडीस तोड. दोघींचं इंग्रजी दोन टोकांचं, पण काम भागत होतं. गुरुवारी जेवायला बोलावलं. बाईंनी कोंबडीचा पांढरा रस्सा केला होता, खास पाहुण्यांसाठी करतात तो. अलिझानं चमचा तोंडाशी नेला, रंग पाहिला आणि चमचा ताटात ठेवला.

"ह्यात दूध आहे?" तिनं हळूच विचारलं.

मांस आणि दूध एकत्र खायचं नाही, हा ज्यू घरातला पहिला धडा. तो विचारणं म्हणजे बाईंना अ आ इ ई येतं का विचारणं.

"नारळ," बाई म्हणाल्या. "दूध चालत नाही म्हणूनच नारळ. आमच्या पणजीच्या पणजीपासून."

अलिझा ओशाळून हसली आणि जेवली. पण नाओमीचा चेहरा उतरला तो उतरलाच. पाहुणे गेल्यावर भांडी अशी आपटली गेली, की शेजारची संजीवनी जाळीशी येऊन "सिपोराताई, काही पडलं का?" म्हणून विचारून गेली.

"माझा मान पडला," बाई म्हणाल्या. "उचलीन मी."

शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, ज्यूंचा पवित्र शनिवार, सुरू होतो. त्या सकाळी अलिझा पुन्हा हजर. आज शब्बाथचा मासा माझ्या हातचा, माझ्या आईच्या पद्धतीचा, लाल मिरचीतला! कालची चूक भरून काढायची असावी. येताना तिनं सुपरमार्केटमधून मासा आणला होता, प्लॅस्टिकखाली पांढरेशुभ्र तुकडे, वर 'डोरी' असं लिहिलेलं. ती कांदा शोधू लागली.

सिपोराबाईंनी पाकीट उचललं आणि त्यांचा हात थांबला. तुकड्यांना कातडंच नव्हतं. कातडं नाही म्हणजे खवलं दिसत नाहीत, आणि बिनखवल्यांचा मासा ज्यूंना वर्ज्य, म्हणून खवलं दिसत नाहीत तो मासा बेने इस्राएल बाई घरात घेत नाही. शिवाय त्यांच्या मासेवालीनं एकदा सांगितलं होतं, डोरी म्हणून जे विकतात ते बहुतेक दुसरंच असतं.

आता बेने इस्राएलांत एक गोष्ट आजीकडून नातीकडे येते. पूर्वी कोणी एक परदेशी ज्यू विद्वान कोकणात आला. हे लोक खरंच ज्यू आहेत का, हे त्याला बघायचं होतं. त्यानं बायकांना टोपलीभर मासे रांधायला दिले. बायकांनी खवल्यांचे मासे बाजूला घेतले, बिनखवल्यांचे परत केले, हे आम्ही खात नाही म्हणाल्या. त्यावर त्या विद्वानानं ओळखलं, ही आपलीच माणसं. हजारो वर्षांची परीक्षा बायकांनी चुलीशी दिली आणि पास झाल्या. आणि आज परीक्षा घ्यायला आलेलीच खवल्यांचा पत्ता नसलेला मासा घेऊन उभी होती.

मोझेस पाण्याच्या निमित्तानं आत आले, पाकीट पाहिलं आणि मराठीत पुटपुटले, "सांगून टाक. फिट्टंफाट होऊन जाईल."

खोटं कशाला बोला, बाईंच्या जिभेवर आलं होतं. ह्यात काय आहे बघितलंत का, एवढंच म्हणायचं होतं. मग त्यांना मिल्कामावशीच्या शेजारणी आठवल्या, हात मागे घेणाऱ्या. आपण तशी बाई व्हायचं नाही, असं त्यांनी जागच्या जागी ठरवलं. नाओमी कामावर निघून गेल्यावर त्या अलिझाला म्हणाल्या, "ह्याला कातडं नाही, मला खात्री वाटत नाही. चल, दोघीच जाऊ माझ्या मासेवालीकडे. ती सांगेल."

मासेवाली चिनी. ती सिपोराबाईंना आंटी म्हणे, बाई तिला आंटी म्हणत, आणि दोघींतली मोठी कोण हे कधीच ठरलं नव्हतं. तिनं पाकिटाकडे एक नजर टाकली आणि कपाळाला हात लावला.

"आयो, आंटी! धिस वन पातिन लाह! नो स्केल! यू डोंट ईट वन!"

आणि तिनं बर्फावरचा अख्खा पातिन शेपटीला धरून उचलला. नदीतला मासा, आपल्या शिंगाळ्यासारखा मिशाळ. अंग गुळगुळीत, खवलं औषधालासुद्धा नाही.

अलिझाचा चेहरा पांढरा पडला. ती पाकिटाकडे बघे, पातिनाकडे बघे. "आणि काल मी तुझ्या रश्श्यावर..." ती म्हणाली.

"चालायचंच," सिपोराबाई म्हणाल्या. त्यांनी रावस मागितला, नखानं त्याचं खवलं उलटं खरवडून दाखवलं आणि म्हणाल्या, "तू कर." अलिझानं नखानं एक खवलं काढलं. ते बोटावर घेऊन ती बराच वेळ बघत राहिली.

बाजाराच्या वरच्या मजल्यावर हॉकर सेंटर, खाण्यापिण्याच्या टपऱ्यांचं. दोघी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसल्या, मासा पायाशी.

"आमच्याकडे दुकानात येतं ते कुणीतरी बघूनच आलेलं असतं," अलिझा म्हणाली. "शिक्का असतो. मी आयुष्यात कधी माशाचं खवलं बघितलं नाही, सिपोरा. लागलंच नाही बघायला. तुमच्याकडे कोण बघत होतं?"

"बायका," सिपोराबाई म्हणाल्या. "ना रब्बी होता ना पोथी. एक शेमाची प्रार्थना, एक शनिवार, आणि ही खवलं. एवढ्यावर काढलं आम्ही."

सांगताना त्यांना अभिमान वाटला, आणि तो त्यांनी लपवला नाही. मग मनातलं बोलून टाकलं. "मला वाटायचं, तुम्हांला सगळं आयतं ताटात मिळालेलं. देश तुमचा, सुट्टी शनिवारची."

अलिझा हसली नाही. "माझा धाकटा ह्या उन्हाळ्यात उत्तरेला सरहद्दीवर होता. लढाई चालली तोवर मी रेडिओ बंद केला नाही. आंघोळीलासुद्धा बरोबर. मी बोलले होते, तो पायांनी चालत घरी येऊ दे, मी आमच्या संताच्या कबरीवर जाऊन मेणबत्त्या लावीन आणि सगळ्या गल्लीला जेवण घालीन."

सिपोराबाईंना स्वतःचीच लाज वाटली. ती लढाई त्यांनी इथे टीव्हीवर रोज पाहिली होती. ही बाई येऊन तीन दिवस झाले, आणि आपण तिला "मुलं कशी आहेत?" एवढं विचारलं नाही.

"म्हणजे नवस," त्या म्हणाल्या. नवस म्हणजे काय, ते समजावून सांगितलं. मग आपला सांगितला. पोहे, खोबरं, पाच फळं, एलियाहू हन्नबी.

"फळांना काय म्हणता?"

सिपोराबाईंनी कोपीच्या टेबलावर झाडाच्या फळाचा हिब्रू आशीर्वाद म्हणून दाखवला. अलिझानं शेवटाला "आमेन" म्हटलं. सवयीनं तोंडातून निघालं ते. मग विचारलं, "जमलं ना मुलीचं? मग अजून फेडला का नाहीस?"

"तू आलीस म्हणून," सिपोराबाई म्हणाल्या.

खाली मासेवालीचा सुरा लाकडावर वाजत होता. अलिझानं कप बाजूला सारला.

"माझी आई मोरोक्कोहून आली. माझ्या मोठ्या बहिणीच्या मेंदीला ती मोठ्यानं हेल काढून ओरडायला लागली, आनंदाचं ओरडतात ना, तसं. समोर दुसऱ्या देशांतून आलेले लोक राहायचे. मी दहा वर्षांची होते. मीच आईला म्हटलं, दार लाव." तिनं ओले डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. "आत्ता नको करूस. लग्नाला माझ्या बहिणी येतील. त्यांच्यासमोर कर. मी पोहे कालवीन."

त्या रात्री जेवणावर रावस होता, अश्दोदच्या लाल मसाल्यातला, आणि शेजारी नारळाच्या रसातला. पातिनाची हकीगत अलिझानंच सगळ्यांना सांगितली, आपल्याच फजितीवर सगळ्यांत मोठ्यानं हसत. नाओमी आईकडे बघत राहिली. आईनं हे घरी येऊन बोलून दाखवलं नाही, याचं तिला नवल वाटत होतं.

पुढे मार्चमधल्या लग्नापर्यंत दोघी दर रविवारी इंटरनेटवर बोलायच्या. पोहे जाडे की पातळ, यावरही एकदा भांडल्या.

लग्नाच्या आदल्या गुरुवारी ताट कपाटावरून खाली आलं. घर भरलं होतं. संजीवनी गुलाब घेऊन आली, समोरची मलाय शेजारीण केळी घेऊन. अश्दोदहून आलेल्या अलिझाच्या दोन बहिणी, ईतायच्या मावश्या, सोफ्यावर टेकल्या, ताटावरचा पोह्यांचा डोंगर, फळं, फुलं बघत. नाओमीला राहवेना. ती उठून दाराकडे गेली आणि तिनं दारावर हात ठेवला.

थोरल्या मावशीनं अलिझाच्या कानाशी हिब्रूत विचारलं. शब्द कळायची गरज नव्हती, सिपोराबाईंनी तिथल्या शेजारणींचा तो सूर मिल्कामावशीच्या तोंडून ऐकलेला होता. हे त्यांच्याकडचं काहीतरी ना?

अलिझाचे हात मनगटापर्यंत पोह्यांत होते. तिनं मान वर केली आणि सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीतच म्हणाली, "आपल्याकडचं आहे. हात धू आणि खोबरं घाल." मग नाओमीकडे वळली. "आणि ते दार राहू दे उघडं."

मावशीनं हात धुतले आणि खोबरं घातलं. मोझेसनी प्रार्थना सुरू केली, गाणं उचललं गेलं, आणि अश्दोदच्या बायका त्यांच्या चालीत आणि बेने इस्राएल आपल्या चालीत एलियाहूला हाका मारू लागल्या. दोन चाली काही जुळेनात, पण आवाज पार लिफ्टपर्यंत गेला. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यातून वर डोकावून बघू लागली.

सिपोराबाईंनी पहिली मूठ मलिद्याची घेतली आणि ती तोंडात न घालता क्षणभर उंच धरली.

"मिल्कामावशी," त्या मराठीत, नाटकातल्या आवाजात म्हणाल्या, "दार उघडं आहे गं!"